लॉनऐवजी जे उगवले ते कोण? खान्देशातील परसात रानझाडे ओळखण्याची रीत

मे महिन्यात 45 अंशांपर्यंत तापलेल्या आमच्या काळ्या जमिनीला बोटभर रुंदीच्या भेगा पडतात आणि जूनच्या मध्यानंतर पहिला चांगला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत त्याच जमिनीवर हिरवी लव उठते. ज्यांनी घरापुढे लॉन लावलेलेच नाही, किंवा माझ्यासारखे लावून नंतर सोडून दिले, त्यांच्यापुढे दर पावसाळ्यात एकच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे हे सारे आहे तरी काय? जळगाव परिसरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. अशा मुलखात उरलेले आठ महिने बोअरचे पाणी पाजून गवताचा गालिचा हिरवा ठेवणे मला पटत नाही. मात्र लॉन काढून टाकल्यावर खरे काम सुरू होते, कारण त्या जागी आपण न लावलेली तीस-चाळीस प्रकारची झाडे सहज येतात, आणि त्यांतली काही पोटात जाण्याजोगी, काही फुलपाखरांच्या अळ्यांना लागणारी, तर काही जिवावर बेतणारी असतात.

तण समजून सरसकट खुरपणारा माणूस आणि रानभाजी समजून सरसकट शिजवणारा माणूस, दोघेही झाडाकडे न पाहताच निर्णय घेतात. म्हणून या लेखातल्या सगळ्या सूचना एका नियमाभोवती आहेत: फूल आणि फळ पाहिल्याखेरीज झाडाला पक्के नाव देऊ नये आणि एकाच खुणेवर विसंबून ते तोंडात घालू नये. या नियमाला एकच मोठा अपवाद आहे, तो गाजरगवताचा. ते मात्र फुलण्यापूर्वीच ओळखता आले पाहिजे.

पावसाआधीची तयारी

संपूर्ण परस एकदम समजून घेण्याचा प्रयत्न करू नये. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद एवढा तुकडा पहिल्या वर्षासाठी पुरेसा आहे. त्याचे सुतळीने चार भाग करावेत आणि प्रत्येक कोपऱ्यात पऱ्हाटीची किंवा तुऱ्हाटीची काडी रोवावी. घराच्या भिंतीलगतचा दोन-तीन फुटांचा पट्टा आणि ये-जा करण्याची वाट मात्र नेहमी साफ ठेवावी. उंच वाढलेल्या झाडोऱ्यात नाग, घोणस, मण्यार यांना आडोसा मिळतो, त्यामुळे झाडे पाहण्याची हौस असणाऱ्याने हात घालण्यापूर्वी काठीने झाडोरा हलवून पाहण्याची आणि अंधारात टॉर्चशिवाय परसात न जाण्याची सवय लावून घेतलीच पाहिजे.

साहित्य फारसे लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे खिशातले भिंग, पट्टी, रबरी हातमोजे, रद्दी वर्तमानपत्रे आणि एक वही एवढे पुरते. वहीत प्रत्येक अनोळखी झाडाला आधी क्रमांक द्यावा, नाव नव्हे. तोच क्रमांक दोरीने झाडाजवळच्या काडीला बांधावा. एकदा चुकीचे नाव लिहिले गेले की नंतर डोळे त्या नावाला अनुकूल तेवढेच पाहू लागतात, हा माझा अनुभव आहे. क्रमांकात तो धोका नसतो.

रोप असतानाच्या खुणा

पहिल्या आठवड्यात गुडघे टेकून बसावे आणि रोपाला किती बीजपत्रे, म्हणजे बीतून सर्वांत आधी निघणारी पाने, आहेत ते पाहावे. हरळी, लव्हाळा, केना यांचे रोप एकाच बीजपत्राचे असते, तर तरोटा, माठ, आघाडा यांना समोरासमोर दोन असतात. बीजपत्रांचा आकार पुढच्या खऱ्या पानांहून वेगळा असतो, त्यामुळे त्यावरून नाव ठरवू नये. फक्त फोटो काढून ठेवावा, कारण पुढच्या वर्षी रोप पाहूनच झाड ओळखायला हाच फोटो उपयोगी पडतो.

गवतासारख्या दिसणाऱ्या सगळ्या गोष्टी गवत नसतात. लव्हाळ्याचा फुलोऱ्याचा दांडा अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवला तर त्याच्या तीन धारा बोटांना स्पष्ट लागतात. हरळीची काडी मात्र गोलसर असून तिला जागोजागी पेरे असतात. केना तर पानांच्या रुंदीमुळे गवत वाटतच नाही, पण त्याच्या पानाचा तळ नळीसारखा खोडाला गुंडाळलेला असतो आणि त्या नळीच्या तोंडाशी भिंगातून तांबूस केस दिसतात. केन्याचे एखादे झाड मुळासकट हळूच उपसून पाहावे. निळी फुले आपण वर पाहतो, पण मातीखाली पांढुरक्या फांद्यांवर न उमलणारी, मिटलेलीच फुले असतात आणि त्यांच्यात बी धरते. वरचे झाड कितीही वेळा कापले तरी केना परत का येतो, याचे एक उत्तर या मातीखालच्या फुलांत आहे.

गाजरगवताची ओळख याच टप्प्यावर करून घ्यावी. गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात पुणे परिसरात नजरेस आलेले हे मूळचे अमेरिका खंडातले झाड आज खान्देशातल्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. रोपावस्थेत त्याची खोलवर चिरलेली, फिकट हिरवी, बारीक लव असलेली पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात. झेंडूच्या किंवा कॉसमॉसच्या आपोआप उगवलेल्या रोपांशी त्याची गल्लत होते, परंतु त्या दोघांची खालची पाने समोरासमोर येतात, तर गाजरगवताची एकाआड एक. झेंडूचे पान चुरले की ओळखीचा वासही येतो. गाजरगवत महिना-दीड महिन्यात फुलू लागते, एक झाड हजारो बिया टाकते आणि त्याच्या सततच्या स्पर्शाने कित्येकांना त्वचेचा चिवट आजार जडतो. म्हणून पाऊस पडून माती ओली असताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून ते मुळासह उपटावे. फुले आलेली झाडे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत.

खोड, पान आणि चीक

झाड वीतभर झाले की वहीत पाच गोष्टी क्रमाने लिहाव्यात. खोड गोल आहे की चौकोनी, पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, पान साधे आहे की अनेक पर्णिकांचे, म्हणजे छोट्या पानांसारख्या भागांचे, तोडल्यावर चीक येतो का आणि येत असल्यास कोणत्या रंगाचा, आणि चुरल्यावर वास कसा येतो.

यांतली तिसरी गोष्ट नवख्याला हमखास चकवते. तरोट्याच्या एका पानाला तो सहा पाने समजतो. यावर उपाय सोपा आहे. ज्या ठिकाणी देठ खोडाला मिळतो, तिथल्या बगलेत बारीक कोंब किंवा कळी असते. तो कोंब जिथे आहे तिथून पान सुरू होते. पर्णिकेच्या बगलेत कोंब कधीच नसतो. ही एक खूण अंगवळणी पडली की निम्मी गल्लत संपते.

चौकोनी खोड आणि समोरासमोर पाने आढळली, शिवाय पानाला वास असला, तर झाड बहुधा तुळशीच्या कुळातले असते. रानतुळस आणि पांढऱ्या फुलांचा कुंभा, म्हणजेच द्रोणपुष्पी, ही दोन्ही त्यातलीच. मात्र घाणेरीचेही खोड चौकोनी असते, पाने समोरासमोर असतात आणि वासही उग्र असतो. पण तिच्या खोडावर आकड्यासारखे काटे असतात आणि ती दुसऱ्या कुळातली आहे. एकाच खुणेवर विसंबू नये, असे मी म्हणतो ते यामुळेच.

चिकाची परीक्षा पानाचे टोक किंचित खुडून करावी आणि लगेच हात धुवावेत. रुईचा पांढरा चीक डोळ्यात गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होते, त्यामुळे परीक्षा चालू असताना चेहऱ्याला हात लावू नये आणि मुलांकडून ही परीक्षा करून घेऊ नये. पिवळा धोतरा, ज्याची काटेरी पाने पांढऱ्या शिरांमुळे चटकन नजरेत भरतात, त्याचा चीक पिवळा असतो. माक्याला दाट चीक नसतो, पण त्याचे खोड चुरगाळून तळहातावर चोळले की थोड्याच वेळात रस काळसर होतो. एकदांडीच्या बाबतीत तसे होत नाही, आणि पांढरट फुलांच्या या दोघांतला फरक फुले येण्यापूर्वीच या काळेपणावरून ध्यानात येऊ शकतो. चव घेऊन पाहण्याची परीक्षा मात्र कोणत्याही अनोळखी झाडावर करू नये.

फुलासमोर भिंग

ऑगस्टमध्ये परस फुलू लागले की सकाळी नऊच्या आत पाहणी करावी, कारण केन्याची आणि घोळीची फुले दुपारपर्यंत मिटतात. पाकळ्या किती, त्या सुट्या आहेत की तळाशी जुळलेल्या, पुंकेसर किती आणि फुलाखाली हिरवी छदे, म्हणजे पानांसारखे लहान भाग, कशी आहेत, हे लिहावे.

एकदांडीपासून सुरुवात केली तर बरे, कारण ती कुठेही मिळते. लांब, ताठ देठाच्या टोकाला एकच फूल दिसते, म्हणूनच तिला हे नाव पडले. ते फूल तळहातावर घेऊन नखाने मधोमध उभे चिरावे आणि भिंग डोळ्याशी धरून फूल त्याच्याजवळ आणावे. मग दिसते की मधला पिवळा गोळा म्हणजे दाटीने उभी असलेली अनेक नळीदार फुले आहेत, प्रत्येकीच्या तोंडाशी पाच इवले दात आहेत, आणि कडेची जी पाच-सहा पांढरट पाकळी वाटते तीही टोकाशी तीन दाते असलेले एकेक स्वतंत्र फूल आहे. सूर्यफूल, झेंडू, माका, गाजरगवत या सगळ्यांची हीच घडण आहे. ज्याने एकदा असे फूल उघडून पाहिले, त्याला हे मोठे कुळ पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही. एकदांडीच्या बीला पिसासारखा तुरा असतो, तो वाऱ्यावर उडतो. माक्याच्या बीला तसा तुरा नसतो.

फळ तर फुलापेक्षाही भरवशाचे असते, कारण ते आठवडेच्या आठवडे टिकते. आघाड्याची फळे दांड्यावर खाली वळून चिकटलेली असतात आणि कपड्यांना लागतात. गोखरूच्या फळाचे, म्हणजे आपल्या सराट्याचे, काटे सायकलच्या टायरला ओळखीचे आहेत. घोळीचे फळ टोपण काढल्यासारखे आडवे उघडते आणि आत बारीक काळ्या बिया दिसतात.

जिथे चूक होते तिथे अधिक थांबावे

घोळ, खापरा आणि जमिनीवर पसरणारी दुधी या तिघांचे पावसाळ्याच्या सुरुवातीला एकाच ठिकाणी रान माजते. घोळीची पाने मांसल आणि गुळगुळीत असतात, फुले पिवळी असतात आणि खोड तोडले तर पाणी येते, दूध येत नाही. दुधीचे खोड तोडताच पांढरा चीक येतो. ती भाजीच्या जुडीत जाता कामा नये. खापऱ्याचे पानही मांसल असते, पण त्याच्या जोडीतले एक पान मोठे आणि दुसरे लहान असते आणि फिकट गुलाबी किंवा पांढरे फूल पानाच्या बगलेत रुतून बसलेले असते. आता या खापऱ्याचीच पुनर्नवेशी गल्लत होते, कारण तिच्याही जोडीतली पाने लहान-मोठी असतात. पण पुनर्नवेची, म्हणजे घेटुळीची, गडद गुलाबी बारीक फुले देठांवर झुबक्याने बाहेर येतात, तिचे फळ चिकट असते आणि पान मागून पांढुरके दिसते.

तरोटा आणि कासविंदा यांच्याबाबतीत माझीच चूक झाली होती. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात मी तरोट्याची भाजी समजून कोवळ्या पाल्याची टोपली भरून शेजारच्या मावशींना दाखवली. त्यांचे माहेर पारोळा तालुक्यातले, बोलणे अहिराणी. त्यांनी ओसरीवर बसून टोपली उपडी केली, एकेक डहाळी उचलली आणि काही न बोलता दोन ढीग लावले. नंतर लहान ढिगाकडे बोट करून एवढेच म्हणाल्या, "हाई भाजी नही शे, भाऊ." त्या लहान ढिगातली प्रत्येक पर्णिका टोकाशी निमुळती होती, मोठ्या ढिगातली गोलसर. मी ते भिंगातून पाहिले तेव्हा आणखी एक खूण सापडली. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि खालच्या जोडीच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढी टोकदार ग्रंथी उभी असते. कासविंद्याला बहुधा चार ते सहा जोड्या असतात आणि त्याची ग्रंथी देठाच्या अगदी तळाशी, फुगीर गाठीसारखी असते. शेंगाही वेगळ्या असतात. तरोट्याची शेंग बारीक, लांब आणि वाकडी. कासविंद्याची चपटी, फिकट कडांची. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत आणि लहान मुलांनी त्या खाल्ल्याने मृत्यूही झाले आहेत. त्या दिवसापासून एकाही डहाळीची ग्रंथी पाहिल्याशिवाय मी ती टोपलीत टाकत नाही.

माठ आणि काटेमाठ यांतला फरक सोपा आहे: काटेमाठाच्या पानांच्या बगलेत अणकुचीदार काट्यांची जोडी असते.

यापुढची झाडे मात्र ओळखून मुलांना दाखवून ठेवावीत आणि हात न लावण्याची ताकीद द्यावी. धोतऱ्याचे कर्ण्यासारखे मोठे फूल आणि काटेरी फळ, एरंडाच्या नक्षीदार बिया, कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाची गोडसर लागणारी बी, गुंजेचे लाल-काळे मणी आणि सातपुड्याच्या पायथ्याकडे कुंपणातून डोके काढणारी कळलावी, ही सगळी विषारी आहेत. कळलावीच्या पानाचे टोकच लांबून वेलीच्या तणाव्यासारखे वळते, त्यामुळे फुलाशिवायही ती कळते. पिवळ्या धोतऱ्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात. त्यांच्या तेलाची मोहरीच्या तेलात भेसळ झाल्याने 1998 साली दिल्लीत जलोदरासारख्या आजाराची साथ येऊन माणसे दगावली होती. कोणी अनोळखी पान, फळ किंवा बी खाल्ल्याचे कळताच घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे आणि त्या झाडाची फांदी फळासह पिशवीत घालून सोबत न्यावी.

नाव कसे मिळवावे

खुणा लिहून झाल्यावरच नावाकडे वळावे आणि पहिला मान घरातल्या, शेतातल्या वडीलधाऱ्या माणसांना द्यावा. मात्र ऐकलेले नाव जसेच्या तसे लिहून घ्यावे. अहिराणीत आणि लेवा बोलीत 'ळ'चा उच्चार 'य'कडे जातो, म्हणून घोळीची 'घोय' होते आणि 'चिवळ'ची 'चिवय'. ही वेगळी झाडे नव्हेत. उलट एकाच नावाची दोन झाडेही असतात. दुधी म्हटले की एकाला वेलीवरचा भोपळा आठवतो आणि दुसऱ्याला चिकाचे तण, तर शंखपुष्पी या नावाखाली वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी झाडे दाखवली जातात. यासाठीच शेवटी लॅटिन नाव लिहून ठेवावे लागते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली रूढ केलेली ही दोन शब्दांची पद्धत कितीही परकी वाटली तरी पारोळ्याचे झाड पुण्याच्या माणसाला बिनचूक कळवण्याचा तोच मार्ग आहे.

मोबाइलवरच्या गूगल लेन्स, प्लांटनेट किंवा आयनॅचरलिस्ट यांचा उपयोग मी करतो, पण त्यांनी दिलेले उत्तर हा तपासाचा आरंभ मानतो. संपूर्ण झाडाचा, पानांच्या मांडणीचा, फुलाचा समोरून व बाजूने आणि फळाचा असे वेगवेगळे फोटो द्यावेत; शेजारी पट्टी ठेवावी. मग सुचवलेल्या नावाचे वर्णन काढून ते आपल्या वहीतल्या खुणांशी एकेक करून ताडून पाहावे. एक जरी ठळक खूण जुळत नसेल, तर ते नाव सोडून द्यावे. रोपाच्या फोटोवरून आलेल्या उत्तराला मी वहीत जागाच देत नाही.

तरीही अडल्यास नमुना दाबून ठेवावा. फूल आणि फळ असलेली फांदी, शक्य असल्यास मुळासह, वर्तमानपत्राच्या घडीत पसरावी, एखादे पान मुद्दाम उलटे ठेवावे, म्हणजे त्याची मागची बाजूही दिसते. वर फळी आणि त्यावर विटा ठेवाव्यात. पावसाळ्यात हवेत ओल असते, म्हणून पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलावा. ही काळजी घेतली नाही तर नमुना बुरशीने काळा पडतो. घोळीसारखी मांसल झाडे दाबण्यापूर्वी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून टिपून घ्यावीत, नाहीतर ती दाबातही जिवंत राहतात. वाळलेला नमुना 42 बाय 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर शिवावा किंवा चिकटवावा आणि खाली तारीख, गाव, जागेचे वर्णन व वाळल्यावर उडून जाणारा फुलाचा रंग लिहावा. असा कागद घेऊन जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात गेल्यास, नुसत्या फोटोपेक्षा कितीतरी नेमके उत्तर मिळते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र 1955 पासून आहे आणि तिथे अशा वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे.

ओळख पटल्यावर काय ठेवावे

नाव कळले की ठेवायचे की काढायचे याचा निर्णय शांतपणे घेता येतो. रुईचे एखादे झाड मी कुंपणाच्या टोकाला, मुलांच्या वाटेपासून दूर ठेवले आहे, कारण प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिच्या पानांवर वाढतात. तरोट्याचा एक कोपरा पिवळ्या फुलपाखरांसाठी राखून ठेवतो आणि बाकीचा शेंगा वाळण्यापूर्वी काढतो. काटेमाठ आणि सराटा वाटेवरून काढून टाकतो. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ यांची रोपे वीतभर असतानाच उपटावीत, कारण एकदा मूळ खोल गेले की काळ्या जमिनीत ती कुदळीलाही दाद देत नाहीत. कडुनिंबाचे रोप मात्र चांगल्या जागी असेल तर जपावे.

पावसाळा संपला की वही मिटू नये. रब्बीच्या थंडीत चाकवत आणि पिवळा धोतरा येतात, उन्हाळ्याच्या तोंडावर सराटा आणि घेटुळी तेवढी तग धरून राहतात. प्रत्येक चौकोनाची पाहणी महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच तारखेच्या आसपास करावी आणि एप्रिलमध्ये वाळलेल्या दांड्यांवरच्या शेंगा व बिया कागदी पुड्यांत भरून त्यांवर तोच जुना क्रमांक टाकावा. जूनमध्ये त्यांतल्या चार-चार बिया कुंडीत पेरल्या की रोप, पान, फूल आणि फळ यांचा सबंध क्रम एकाच झाडावर डोळ्यांसमोर येतो, आणि ज्या क्रमांकापुढची जागा वहीत अजून कोरी आहे, त्याची पहिली दोन पाने कशी होती हे तेव्हा पाहून लिहिता येते.